पेव

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी
मगदूम वकिलांचं ऑफिस मी गच्चीवर वाळत घातलं.
गावभागात पाणी तिसऱ्या फळीपर्यंत चढलेलं,
भिंतीवर चिखलाची रेघ,
घाईत केलेल्या सहीसारखी.

एकतीस वर्षं मी त्यांचा कारकून.
तारखा घेतल्या, वकीलपत्रं टाचली,
कोर्टफीची तिकिटं जिभेवर भिजवली.
पण कायदा असा हातात कधी धरला नव्हता,
ओला, जड,
मांजराच्या पिलासारखा मानेला पकडून.

अमेरिकेचे निकाल, चाळीस खंड.
मिरजेत बंद पडलेल्या एका वाचनालयाच्या लिलावात
साहेबांनी घेतले आणि हातगाडीवरून आणले.
बाररूम तेव्हा आठवडाभर हसली होती :
मगदूम, तासगावच्या बांधाच्या भांडणात
न्यूयॉर्क साक्षीला येणार का?

शिवणी सुटलेल्या. खंड एकमेकांत घुसलेले.
कोल्हा कुणाचा, पाठलाग करणाऱ्याचा
की मधेच येऊन मारणाऱ्याचा,
त्या पानाच्या पाठीला चिकटला होता
तुरुंगातून पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज :
वकील द्यायला माझ्याजवळ पैसे नाहीत.
सोडवायला गेलो तर
इकडची शाई तिकडे उमटलेली, उलटी,
आरशात बघावी तशी.
साहेब खुर्चीतून म्हणाले,
"राहू दे. ते तसंच असतं."

मग ते पान आलं.
त्यावर हळदीचं बोट. पुराच्या कितीतरी आधीचं.

एकोणनव्वद साल. हरिपूरला पेव उघडलं.
वीस फूट खोल, तोंड माणूस मावेल एवढंच,
पोटात तीन वर्षांची हळद आणि कोंडलेली हवा.
सिद्राम ऐवळे उतरला.
वरून दोर हलवला, खालून हलला नाही.
हळद व्यापाऱ्याची, पेव दुसऱ्याचं, माणूस मुकादमाचा.
तिघांचे तीन वकील आणि वाक्य एक :
"आमचा त्याच्याशी करार नव्हता."
मागच्या बाकावर चंद्राबाई,
मांडीवर भाकरीचा डबा, झाकण हातानं दाबलेलं.
तिचा तर कुणाशीच करार नव्हता.

साहेब उठले. म्हणाले, एक मोटार होती.
शिरस्तेदारसुद्धा हसले.
चाक लाकडाचं, आरे कच्चे.
कारखान्यानं तपासलं नाही, दुकानदारानं विकलं,
गिऱ्हाईक रस्त्यावर आपटलं.
कारखाना म्हणाला, आम्ही याला ओळखतही नाही.
तिथल्या कोर्टानं सांगितलं, ओळख लागत नाही.
वस्तू जिवावर बेतेल हे ज्याला कळायला हवं
त्यानं आधी बघायला हवं.

नक्कल आणायला मीच गेलो होतो.
जिन्यातच वाचली.
"परदेशी निकाल या न्यायालयावर बंधनकारक नाहीत,"
आणि पुढच्या ओळीत, एकटाच,
"तथापि".

रक्कम बेताचीच मिळाली. अपिलात आणखी घटली.
चंद्राबाईनं त्यात शिलाई मशीन घेतलं
आणि साहेबांना एक पिशवी शिवून दिली,
ती अजून खुंटीला आहे. होती. पुरात गेली.

पाचच्या पुरात बहुतेक पेवं बुजली.
उरलीत ती बोटांवर मोजावीत.
परवा काही कामानं हरिपूरला गेलो,
तर पंचविशीचा एक पोरगेला मालक
पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसून
दोरीनं कंदील खाली सोडत होता.
मजूर बाजूला, तंबाखू मळत.
म्हटलं, गडी असताना तू कशाला?
"न्हाई, मालकानंच सोडायचा असतोय आमच्यात."
कुणी सांगितलं?
त्यानं मान वर केली नाही.
"कुणी म्हंजे? पायंडाच हाय."

मोटार, चाक, ऐवळे, यातलं मी काही बोललो नाही.
त्याच्या शेजारी गुडघे टेकले
आणि दोघंही वाकून बघत राहिलो,
कंदील खाली जातोय,
अजून जळतोय का.