आर्डिस म्हणतात मला

ओमाहाहून डॅरेलचा फोन येतो.
त्याला मी कधी पाहिलेलं नाही,
पण माझ्या लसींच्या तारखा त्याला तोंडपाठ.
"हॅवर, मॉन्टाना. रात्रपाळी. तेरा आठवडे.
संध्याकाळपर्यंत सांग, रांगेत आणखी चौघीजणी आहेत."
त्या चौघीजणी नेहमीच असतात.
मीही कुणाच्या तरी चौघींतली असणार.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
माझं डिकीत:
भाताचा कुकर, दिवसा झोपायला काळे पडदे,
आईने दिलेला लाल मसाला, बरणीच्या झाकणाला चिकटपट्टी.
लुइझियानातून निघाले तेव्हा खिडक्या उघड्या होत्या.
इथे मोटेलची मालकीण गाडीच्या नाकाखाली वाकली,
"वायर नाही? मग सकाळी ही उठायची नाही."
दुसऱ्या दिवशी तिच्या भाच्याने इंजिनला हीटर बसवला.
आता रात्रभर माझी गाडी भिंतीतल्या प्लगवर ऊब घेत झोपते.
तिचा मला थोडा हेवा वाटतो.

पहिल्या रात्री दीड तासात सगळं इस्पितळ दाखवलं:
औषधखोलीचा कोड, न चालणारा प्रिंटर,
कुणाच्या मगाला हात लावायचा नाही ते.
सलाईनच्या नळ्या प्रत्येक गावात वेगळ्या कपाटात असतात,
कधीतरी कुणीतरी तिथे ठेवल्या म्हणून.
फळ्यावर माझं नाव व्हर्ली, व्हेरली, बेव्हर्ली,
आणि शेवटी नुसतं "ट्रॅव्हलर".
जड पेशंट ट्रॅव्हलरला.
मला किती मिळतात, सगळ्यांना ठाऊक;
मी आत आले की चहाच्या खोलीतलं बोलणं हवामानावर येतं.
त्यांचं काही चुकत नाही.
तेच काम, आणि त्यांना घरी परत जायचं असतं.

नऊ नंबरमध्ये ऑर्व्हिल नूटसन,
रेल्वेचे सिग्नल सांभाळायचे, आता अठ्ठ्याऐंशी.
महिना विसरले, मुलगी विसरले,
मोडलेली मांडी आपलीच आहे हे विसरले.
मला मात्र दारातच ओळखलं:
"आर्डिस, कोंबड्या कोंडल्यास?"

पहिल्या रात्री मी नियमाने वागले.
"मी व्हर्ली, तुमची नर्स."
ते इतके ओशाळले की त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.
दुसऱ्या रात्री म्हटलं, "कोंडल्या."
"सगळ्या?"
"लंगडी बाहेर होती. तिलाही आणली."
मग सुई टोचू दिली, बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी मुलगी आली.
आर्डिस आत्या बावन्न साली पोलिओने गेली, सोळाव्या वर्षी.
माझ्या काळ्या हातांकडे पाहून ती हसली,
मग हसायची थांबली.
"लंगडी कोंबडी," ती म्हणाली, "तुला कोणी सांगितली?"
कोणी नाही.
कळपात एखादी असतेच.

अकराव्या आठवड्यात डॅरेल:
"खाटा रिकाम्या पडल्यात, हनी, ते करार आवरता घेताहेत.
याकिमाला सोमवारी हजर होशील?"
मी चौघींचा विचार केला. हो म्हटलं.

शेवटच्या पहाटे सुपूर्दगी लिहिली:
नाडी, दाब, जखम कोरडी,
डाव्या टाचेवर लक्ष ठेवणे.
कोंबड्यांसाठी संगणकात रकाना नव्हता.
पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून पलंगाच्या दांड्याला लावलं:
रात्री विचारतील. सगळ्या आत आहेत म्हणावं.
लंगडीसुद्धा.
खाली सही करताना हात थांबला,
आणि मग काहीच नाव लिहिलं नाही.

उणे एकवीस. वायर काढली, प्लग अजून कोमट होता.
मालकिणीने काचेतून हात केला
आणि माझ्या खोलीची चादर ओढायला वळली.
चेस्टरच्या पंपावर म्हाताऱ्याने पेट्रोल भरता भरता
माझी लुइझियानाची नंबरप्लेट पाहिली,
जाळीतून लोंबणारी वायर पाहिली,
आणि काही विचारलं नाही.