पळायचं बटण

उदगीरला, देगलूर रोडवर,
रबरी शिक्क्यांच्या दुकानाच्या माडीवर
सोमलिंग आप्पाचं नेट कॅफे होतं.
अर्ध्या तासाला दहा रुपये.
मशीन बंद झालं की ते सगळं विसरायचं,
म्हणून दर रविवारी मी आणि इर्शाद
त्याच झोपडीत, त्याच खाटेवर जागे व्हायचो.

खेळ काही लवकर सुरूच व्हायचा नाही.
एक म्हातारी पाणी आणायला सांगायची.
मग तीन शेळ्या हुडकायच्या.
मग लोहाराकडं जायचं. तो बोलायचा
इंग्रजीत, लांबलचक, भात्याकडं बघत.
आणि तोवर पळता यायचं नाही.
पळायचं बटण नदीपलीकडं,
तलवारीसंगं मिळायचं.
अलीकडं नुसतं चालायचं,
चप्पल नवी असल्यासारखं.

"दाब की बे, कामून वाचूलालास?"
वाचत नव्हतोच मी.
अक्षरं यायची, अर्थ यायचा नाही.
भिंतीवरचं घड्याळ मात्र दोघांनाही वाचता यायचं.
म्हातारीनं तोंड उघडलं की आम्ही बटण दाबून ते मिटवायचो.
तिसरी शेळी सापडेस्तोवर सात रुपये गेलेले.
उरल्या तिनात किती राक्षस मरतील?
एक. तोही अर्धा.
"उठा, टाईम झाला," आप्पा म्हणायचे,
आणि राक्षस तसाच,
हात वर केलेला, वाचायचा.

गेल्या साली लातूरहून जुना कन्सोल आणला.
सतरा रात्रींत खेळ संपवला, पळत पळत.
आता मला माहीत आहे
की नदी उतरून परत येतो आपण
तेव्हा गाव नसतं.
विहीर असते. काठावर घागर असते,
पहिल्या सकाळी आपणच ठेवलेली,
जशी ठेवली तशी, थोडी कलती.

नावांची पाटी वर सरकत गेली.
मी उठलो नाही.
पुन्हा त्या खाटेवर जागा झालो.

दिवसभर मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवतो.
रिपोर्ट कधी, रिपोर्ट कधी,
खिडकीतून हात आत येतात.
रात्री म्हातारी म्हणते, दोन घागरी आण,
आणि मी दोन घागरी आणतो.
एक आणली तरी चालतं, हे मला ठाऊक आहे.
ती चुलीकडं बघत बोलते
तेव्हा मी बटणावरचा अंगठा काढून घेतो.
लोहारानं तर पहिल्याच भेटीत
सगळा शेवट सांगून टाकला होता.
आमच्या तोंडावर.
चाळीस रविवार.

एकदा धक्क्यावर नाव लागलेली असताना
मी काहीच दाबलं नाही.
तेव्हा तो, मी, जो कोण तो,
आपोआप मान खाजवतो,
पायानं एक खडा पाण्यात ढकलतो,
आणि वळून घराकडं बघतो.
कुणीतरी हे बसून काढलंय.
कुणी थांबेल म्हणून.
दहा रुपयांत हे दिसणं शक्यच नव्हतं.

"अजून शेळ्याच हुडकूलालाव का?"
महानंदा पांघरूण ओढत म्हणते.
दोन सापडल्या, मी म्हणतो.
"काल पण दोनच होत्या."

खरं तर तिसरी मला सापडत नव्हती.
आपणच शोधावी म्हणून दोन रात्री फिरलो,
बाभळीखाली, कोंडवाड्यात,
लोहाराच्या कोळशाच्या ढिगामागं.
मग इर्शादला फोन लावला.
तो आता शारजात फर्निचर पोचवतो,
गाडी चालवत होता, हॉर्न ऐकू येत होते.
सहा वर्षांत आमचं ईद मुबारकपलीकडं बोलणं नाही.
मी एकदम विचारलं,
तिसरी शेळी कुठं असती रे?

"विहिरीमागच्या भिंतीला," तो म्हणाला.
श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये.
मग हॉर्न. मग दुसरा हॉर्न.
मग हळूच,
"पळता येऊलालंय का आता?"

नाही, मी म्हणालो. अजून नाही.