रात्रपाळीची खिडकी

'तक्रार' या रकान्याची रुंदी दोन बोटं.
त्यात छाती मावते, अपघात मावतो,
विंचूसुद्धा मावतो शेपटीसकट.
दाढ तर सहज.
तरी दाढ लिहिताना मी हळू लिहितो,
कारण समोरचा बोलत नाही,
गालावर मफलर दाबून नुसता दाखवतो.

कंपूचा मोठा दवाखाना. जानेवारी. दोन वाजून दहा.
धुकं पोर्चपर्यंत आलंय,
स्ट्रेचरच्या चाकांपाशी बसलंय.
दातांचे डॉक्टर सकाळी नऊला येतात,
हे आज पाचव्यांदा सांगितलं.
रात्री मिळतं ते दुखणं झोपवायचं इंजेक्शन,
आणि एक वाक्य : सकाळी या.

सकाळी या म्हटलं की रामकटोरीबाई हसतात,
सुजली नाही त्या बाजूने.
सकाळी त्यांना सहा घरची भांडी.
तीन महिने दाढ दिवसा शहाण्यासारखी गप्प राहिली,
लवंग झाली, हिंग झाला,
शेजारणीच्या गुडघ्याची गोळीही झाली.
आज डोळा बंद झाला म्हणून आल्या.
नाहीतर दातासाठी कुणी दवाखान्यात येतं का,
असं मलाच विचारतात.

हमाल कल्लू प्रजापती गजकेला दोष देतो.
मुरैन्याची होती, पहिलाच तुकडा, कट्कन वाजलं.
तुटलेला कोपरा त्याने आणलाय,
विडीच्या बंडलाच्या कागदात बांधून.
परत बसवता येतो का, विचारतो.
मी कागदावरचा शिक्का बघत राहतो.

मग हेमराज. स्वच्छ स्वेटर, हातात हेल्मेट.
आडनाव?
पिंगले.
पिंगळे का?
नाही, पिंगले. आधारवर तेच आहे.
सगळं हिंदीत, जरा तुटक.
मीही तसंच लिहिलं.

आत शिकाऊ डॉक्टर पोरीने हिरडी दाबली
आणि पडद्याआडून आलं :
आई गं!

एवढंच.
'अरी मैया'वाल्या, 'हाय राम'वाल्या या हॉलमध्ये
हे दोन शब्द
आमच्या घरच्या पितळी डब्यासारखे वाजले.

बाहेर आला तेव्हा ओठ एका बाजूला लोंबत होता.
मी म्हटलं, मराठी का हो?
त्याने मान हलवली. हो नाही, नाहीही नाही.
बोटाने दाखवलं : मागे, खूप मागे. आजोबा.
मग घशातून काहीतरी काढलं, बहुतेक 'थोडं थोडं'.
बधिर जिभेला सगळ्याच भाषा सारख्या.

पर्ची परत मागून घेतली.
ल खोडून ळ लिहिला.
नियमात बसत नाही, संगणकात तर नाहीच नाही.
त्याने वाचलं, घडी घातली, स्वेटरच्या आत ठेवली.
उद्या नऊला ती पाहून कुणीतरी म्हणेल,
हे नाव जुळत नाही, नवी काढा.
हे मला तेव्हा सुचलं नाही.

पाचला रामकटोरीबाई उठल्या.
अजून चार तास, मी म्हटलं.
पदर गालावरून ओढून घेतला त्यांनी,
पहिल्या घरी पाहुणे आहेत म्हणाल्या.
बाकावर त्यांची पर्ची राहिली,
माझ्याच अक्षरात.

माझीही एक आहे, डावीकडे, खालची, शेवटची.
दिवाळीपासून जीभ तिथेच जाते.
रात्रपाळी संपली की नऊपर्यंत थांबायचं
असं रोज ठरवतो.

पुढचा.
काय होतंय?
मफलर.