घुबड धरणारा

बारा वर्षांचा होतो, तेव्हा
वेल्गा स्ट्राउत्मानेने मला कामावर ठेवलं.
काम एवढंच: पेंढा भरलेलं घुबड धरून उभं राहायचं.
तासाला वीस कोपेक,
गोचीड चावली तर वर एक सफरचंद.

घुबडाचा एक डोळा काचेचा,
दुसरा तिच्या नवऱ्याच्या कोटाचं बटण.
काळ्या-पांढऱ्या माशीमारांना त्याचं काही नव्हतं.
आफ्रिकेतून उडत आलेला बारा ग्रॅमचा जीव,
बटणावरसुद्धा तुटून पडायचा.

पाइनच्या तीन झाडांवर तीन पेट्या,
मध्ये पन्नास-पन्नास पावलं.
पहिल्या घरापुढे मी घुबड उभं करायचो.
घरचे आकांत मांडायचे,
दुसऱ्या घरचे हाकेसरशी धावून यायचे.
तिसऱ्या घरचे यायचे नाहीत.

तासाभराने दोन घुबडं.
माझं दुसऱ्या घरापुढे, तिचं तिसऱ्या.
पहिल्या घरचे दुसऱ्याकडे झेपावायचे,
तिसऱ्याकडे ढुंकून बघत नसत.
बहुतेक वेळा.
'बहुतेक'खाली ती रेघ मारायची, पट्टी ठेवून.

परिषदेत टाळ्या पडल्या म्हणे, उप्सालाला.
उसन्या बुटांत उभी होती, टाचा सोलवटलेल्या.
निबंधात एका ओळीत येऊन गेलंय की
तिसऱ्या घरचे येत नसत, कारण ते आमच्याकडे असत.
पहाटे जाळ्यात धरलेले, कापडी पिशवीत,
पिशवी माझ्या सदऱ्याच्या आत, उबेला.
त्यांची धडधड माझ्या बरगड्यांना लागायची.
पहिल्या घरच्यांना हे कोण सांगणार?

त्याच्या दोन वर्षं आधी, जानेवारीत,
तिच्या दारात राखाडी गाडी थांबली.
टंकलेखन यंत्र नेलं, कागद नेले, इमांत्सला नेलं.
तिने कुंपणावरून माझ्या बापाला हाक मारली.
तीनदा. मी अंथरुणात मोजल्या.
बाप टेबलाशी बसून होता, दिवा न लावता,
दोन्ही हात टेबलावर पालथे.
त्याला कोणी, कुठल्या पिशवीत धरलं होतं,
ते मी कधी विचारलं नाही.
आणि तिने मलाच का कामावर ठेवलं, तेही नाही.

मग देश बदलला, पगार थांबला.
दोन हिवाळे ती बटाटे विकून वह्या घेत होती.
कड्या घातलेल्या पक्ष्यांचे आकडे वाढत गेले.
बर्चची पालवी नऊ दिवस अलीकडे सरकली,
अळ्या पालवीबरोबर सरकल्या,
माशीमार मात्र जुन्याच तारखेला पोचायचे,
वरातीमागून घोडं, म्हणायची, आणि हसायची नाही.
पिल्लं हलकी भरू लागली. अकरा. साडेदहा.
एका वर्षी मार्टिनने सतरा पेट्या रिकाम्या केल्या.
त्या दिवशी तिने फक्त तारीख लिहिली.

बाप सुतार. ज्या हिवाळ्यात इमांत्सच्या मरणाचं पत्र आलं,
त्या हिवाळ्यापासून तो पेट्या करायला लागला.
तिच्या फाटकाशी नेऊन ठेवायचा, पहाटे,
घंटा न वाजवता.
ती आभार मानायची नाही.
आकडा रंगवायची, झाडावर लावायची.
मी एकदा मोजल्या होत्या. दोनशे बारा.
तेवीस वर्षांत दोघांमध्ये
कुंपणावरून 'थंडी आहे'च्या पलीकडे शब्द गेला नाही.

प्रयोग एका तासाचा होता.
एका तासानंतर पक्षी काय लक्षात ठेवतो,
दुसऱ्या दिवशी, पुढच्या वसंतात,
ते तिने कधी मोजलं नाही.
मी विचारलं तेव्हा म्हणाली, पैसे नव्हते.

बाप गेला तेव्हा बाकावर एक पेटी होती,
झाकण बसवायचं राहिलेलं.
ती आली, पेटी उचलून घेऊन गेली,
तशीच टांगली, आमच्या कुंपणालगतच्या पाइनवर,
दोनशे तेरा.
वर उघडी. पाऊस सरळ आत.
कोण राहणार त्यात?

आता तिला शिडी चढवत नाही, मी चढतो.
दर मे महिन्यात ती खालून विचारते,
दोनशे तेरा?
मी आत बघतो. पाइनच्या सुया, पाणी.
रिकामी, म्हणतो.
ती लिहून घेते.