पेव

अजून काही नाही, शेठ.
म्हणजे आहे, तन्वीरच्या लॅपटॉपवर चार पडदे.
त्यातल्या दोनांवरची बटणं दाबली
तर काहीच होत नाही.
हे आधीच सांगून टाकावं, असं मी तिसऱ्या पेढीवर शिकले.
पहिल्या पेढीवर
बटण दाबलं गेलं होतं.

सांगली मार्केट यार्ड, साडेअकरा.
हळदीची धूळ फाईलवर बसते,
व्हिजिटिंग कार्डांवर बसते,
त्यातल्या ‘संस्थापक’ या शब्दावर
जरा जास्तच.

सुरगोंडा चौगुले एक बेदाणा तोंडात टाकतात,
चावत नाहीत, नुसता धरतात.
“म्हंजे नसलेली वस्तू इकायला आलाय तुमी.”
होय.
“आनि पैसे आत्ता.”
निम्मे, शेठ.

मी सांगत सुटते:
कुपवाडच्या तुमच्या कोल्ड स्टोरेजात रात्री लाईट जाते,
जनरेटरवाला झोपलेला असतो,
चार दिवसांनी बेदाण्याचा हिरवा एका छटेनं उतरतो,
ती छटा सौद्यात किलोमागे केवढ्याला पडते
ते तुम्हालाच माहीत.
आम्ही डबी बसवू, बोटाएवढी.
पारा हलला की फोनवर मेसेज.
“दाखवा डबी.”
पुण्याहून यायचीय.
“कवा?”
मी एक तारीख सांगते.
ती तन्वीरला संध्याकाळी कळणार असते.

कुठंतरी हमाल पोतं टाकतो. पंखा.

“आमचा आज्जा हरिपुरात पेवातली हळद इकायचा.
हळद जमिनीखाली, वर माती, मातीवर गवत,
गवतावर म्हस.
घेनारा यायचा, म्हशीकडं बगायचा,
इसार देऊन जायचा.
पावती चार हातांतनं फिरायची,
पेव न उघडता.”

जमलं, असं मला वाटतं.
मी फाईलमधून पावतीपुस्तक काढतेसुद्धा.

“पन पोरी,
खाली हळद हुती.”

आणि पावतीपुस्तक परत आत जात असताना:
“रोज रात्री दोनला मला कळव, आत किती डिग्री हाय.
डबी असूंदे, नसूंदे.”

मिरजेत दवाखान्यांच्या सामानाचं दुकान आहे,
तिथून काचेचा थर्मामीटर घेतला, दोनशे चाळीसला.
वॉचमन ऐवळे दार उघडतो,
मी खोक्यांच्या रांगांतून जाते,
बॅटरी दातात धरून आकडा वाचते,
बाहेर येऊन यंत्रासारखं टाईप करते:
युनिट दोन. चार पूर्णांक एक. ठीक.
नमस्कार नाही, नाव नाही.
यंत्र नमस्कार करत नाही.

सतराव्या रात्री तीनला दहा कमी असताना
सगळं कुपवाड काळं झालं.
जनरेटरवाल्याच्या खोलीपर्यंत पळाले,
चप्पल वाटेत राहिली.
लाईट गेली. जनरेटर सुरू. सहा मिनिटं.
लगेच उत्तर. म्हातारा जागाच होता.
“डबी आली का?”
बोटं गार पडलेली. खोटं लिहायला
खऱ्यापेक्षा जास्त अक्षरं लागत होती.
नाही शेठ.
डबी स्वेटर घालून दारात उभी आहे.

दोन निळ्या खुणा.
ऐवळे चहा गाळत होता, त्यानं काही विचारलं नाही.

दुपारी यार्डात गेले तर
चौगुले शेजारच्या पेढीवर बसून सांगत होते,
“म्या बगितली की. रोडकी हाय जरा,
पन येळेवर बोलती.”
माझ्याकडं न बघता पाकीट सरकवलं.
निम्मे नव्हते, पाव होते,
नोटांच्या कडा पिवळ्या.
शेजारचे म्हणाले, आमच्याकडं पन बसवा,
आनि आमच्या साडूच्या तिकडं तासगावला.

संध्याकाळी तन्वीरनं विचारलं,
किती सांगितल्यास?
तीन.
त्यानं पडद्यावरून मान वर केली,
माझ्या पायाकडं पाहिलं, एकच चप्पल जुनी, एक नवी,
आणि म्हणाला,
माझ्याकडं स्वेटर नाहीये.