सत्तेचाळीसपैकी चौदा

सुन्नीवाची वही तपासताना
समासात सापडलं : १४/४७.
आधी वाटलं, गुण असतील कसले.
मग उमगलं, हा माझ्या स्लाइडचा नंबर,
खाली उजव्या कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरात असतो तो.
तोही तिने उतरवून घेतला होता,
तारखेसकट, शाळेच्या बोधचिन्हासकट.
चिन्हातल्या बोटीला शीड काढायचं राहिलं होतं
कारण तेवढ्यात मी
पंधरावी लावली होती.

एकवीस वर्षं शिकवतोय मी वार्डोत.
डिसेंबरात इथे सूर्य उगवायची तसदी घेत नाही.
अकराला खिडकीत निळी चिंधी वाळत घातल्यासारखी,
एकला कुणीतरी ओढून आत घेतं.
अशा गावात उजळ पडदा म्हणजे शेकोटीच.
मुलं तोंडं तिकडे करून बसायची
आणि मला वाटायचं, ऐकताहेत.
मी त्यांच्याकडे पाठ करून
माझंच लिहिलेलं मोठ्याने वाचायचो,
त्यांना वाचता येत नसल्यासारखं.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
सुकवलेला मासा चघळत खोडायला बसलो.
आधी गेले गरगर फिरत येणारे बाण.
मग ठिपके, ठिपक्यांखालचे उपठिपके,
व्याख्या (मला पाठ आहे, भिंतीवर कशाला?),
'आज आपण काय शिकणार' गेली.
'आज आपण काय शिकलो' खोडताना थबकलो,
कारण ते मला ठाऊकच नव्हतं.
पहाटे उरलं एक चित्र :
कॉड माशाच्या कानातला खडा,
मधोमध मोडलेला, भिंतभर वाढवलेला,
कड्यात कडं, फिकट, गडद, फिकट.
नाव नाही.

सकाळी ते लावलं आणि गप्प राहिलो.
मास्तराला गप्प राहणं फार जड जातं हो.
जीभ दाताशी येऊन उभी,
बोट बटणावर शिवशिवतंय,
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घोरतोय.
कुणी म्हणालं, झाडाचं खोड
(या बेटावर धड झाड नाही, तरी).
कुणी शनीची कडी म्हणालं,
कुणी कांदा, आणि हशा पिकला.
मग आइलो, जो ऑगस्टपासून
हजेरीच्या 'हो'पलीकडे बोलला नव्हता,
खिशात हात घालून म्हणाला,
"कान आहे तो. माझ्याकडे आहेत दोन."
तळहातावर पावट्याएवढे दोन पांढरे दाणे.

तेव्हा मी 'बी' दाबलं.
साधं एक अक्षर, पडदा काळा करणारं.
इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.
बाहेरचा निळा रंग हळूच आत आला.
मुलांनी मान वळवली,
माझ्याकडे नाही, आइलोकडे.
त्याने एक दाणा नखांनी कट्कन मोडला.
फोनच्या उजेडात अर्धुकं या हातातून त्या हातात,
सात वर्षं की आठ, यावर भांडण,
आणि सुन्नीवा, वही मिटलेली,
"कानात हिवाळा शिरतो कसा?"
मग पुन्हा 'बी'. चित्र परत आलं.
मघाचंच चित्र. आता त्यात सगळ्यांना
काहीतरी शोधायचं होतं.

हेच सारं नववी 'ब'मध्ये सपशेल पडलं.
वीस मिनिटं खडा भिंतीवर टांगलेला,
कुणी हूं की चूं केलं नाही.
शेवटी मीच घाईघाईने सांगून टाकलं सगळं,
आणि मागच्या बाकावर एकाला खरंच झोप लागली.

परवा मी आजारी. बदली तासाला हाल्डिस.
तिचा फोन : "तुझी फाइल बिघडलीय.
तीनच स्लाइड आहेत, मधली काळी,
तिसरी पहिलीसारखीच."
म्हटलं, बरोबर आहे.
"मग मी वाचू काय?"
मला शिंक आली. नाक पुसून म्हणालो,
बंदरावरून जाशील ना शाळेत,
कॉडची दोन डोकी घेऊन जा.