घरटी एक अक्रोड

नारीनहून कागद आला: पैसे एकाच कामाचे,
कुठलं ते गावानं ठरवावं.
शाळेत मी तीन वाडगे मांडले,
घरटी एक अक्रोड वाटला.

पहिला वाडगा पुलाचा.
सेयितबेकची गाडी घोड्यासकट गेली होती,
सेयितबेक तेवढा वर आला, आणि तेव्हापासून
खिडकीकडे पाठ करून बसतो.
दुसरा नळाचा. कालव्याचं पाणी पिऊन
पिवळी पडलेली पोरं मीच मोजतो, हजेरीत.
तिसरा सुईणीचा.

बुरुलकान सगळ्यांत शेवटी उठली.
सुनेला बाजेवर घालून तिनं नदीपर्यंत नेलं होतं
आणि नदीपाशीच थांबावं लागलं होतं.
आता सांगा, म्हणाली, ही कुठल्या वाडग्यात?
पूल असता तर सुईण लागली नसती.
सुईण असती तर पूल.

कुणीतरी खोकलं. शेगडीत शेणी ढासळल्या.
तिनं दाराच्या फटीत अक्रोड फोडला,
अर्धा इकडे टाकला, अर्धा तिकडे.
ओमुरकाननं नियम वाचून दाखवला,
अर्धं मत धरत नाहीत.
गर पोरांनी खाऊन टाकला.

नळ जिंकला, दोन अक्रोडांनी.
‘सर्वांत निकडीचं काम’ या रकान्यात
मी वळणदार अक्षरात नळ लिहिलं.
शाई वाळेपर्यंत कुणाकडे बघितलं नाही.

बर्फ वितळल्यावर चर खणायला
कुदळ घेऊन पहिली तीच आली.
कुठून सुरू करायचं, मी विचारलं.
नदीकडून, म्हणाली.